हात कुणी लावायचा नाही

सात पाऊस

आजचा दिवस सात पाऊस, आणि आज माझ्या मानेत दांडा घातला. पुढून लाकडी कडं, मागून आडवी काठी, दोन्ही खांद्यांच्या बाहेर चांगली हातभर. दारातून जायचं तर खेकड्यासारखं तिरकं व्हावं लागतं. आज इतक्या चौकटींना धडकलो की धनीण म्हणाली, "याला काय भिंती पाडायला ठेवलाय?"

धनी तेमोकने वस्तीतले चार साक्षीदार बोलावले होते. त्यांच्यासमोर म्हणाला, "ताकीद देऊन झाली, पुन्हा दिली. हा माणूस सुधारायचा नाही. सारखा पळतो." पळतो हे खरं आहे. पण पळून जातो कुठे, तर कालव्यापलीकडे आईच्या घरी, माझ्या पोरीला बघायला. संध्याकाळी आपल्या पायांनी परत येतो. असा पळपुटा गुलाम कुणी पाहिलाय का? साक्षीदारांना मी हेच विचारलं. एक जण हसला. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि दांडा बसला.

दांड्याचा अर्थ आमच्या तेनोच्तित्लान शहरातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. हा माणूस विकायला काढलाय. मला एकदा विकून झालंय, पहिल्या धन्याने तेमोकला विकलं. आता तेमोक विकणार. आणि दोनदा विकलेल्या माणसाला जो घेईल, त्याला त्याचं काहीही करायची मुभा आहे. पाणी भरायला लावा, नाहीतर आंघोळ घालून, नटवून, देवळाच्या पायऱ्या चढवा आणि वर बळीच्या दगडावर आडवा करा. भीती वाटते. आज बगळ्याची मानही वाकडी आली.

बगळ्याचं सांगायचं राहिलं. तेमोकचा धंदा पिसांच्या कामाचा, ढाली, पंखे, अंगरखे. मी त्याचे नमुने काढतो. सालीच्या कागदाचे तुकडे उरतात, त्यांवर हे काढून ठेवतो. तेमोक डोकावला की पटकन कडेला एक पक्षी काढतो. आज तो म्हणाला, "फार बगळे काढतोस." मी म्हटलं, "बगळ्यांना मागणी आहे."

आठ फूल

अंगण झाडणारा म्हातारा पोपोका माझ्याच खोलीत झोपतो. तोही गुलामच, पण दांडा नाही. आज विचारत होता, "तू कशापायी अडकलास रे? जुगार?"

"नाही."

"चोरी?"

"नाही. प्रेम केलं."

इतका हसला की हातातला झाडू पडला. मग मी सगळं सांगितलं, तेव्हा त्याने झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला.

मियावा गाण्याच्या शाळेमागच्या घरात दासी होती. आम्ही पोरं अंगणात नाच शिकायचो, ती भिंतीपलीकडे मका दळायची आणि आमचं चुकलं की दळण थांबवायची. दळण थांबलं की आम्हाला कळायचं, कुणीतरी ठेका सोडला. आई तेव्हाच म्हणाली होती, "परक्याच्या दासीच्या नादी लागू नकोस. उद्या ती बाळंतपणात गेली तर तिच्या जागी तुला जावं लागेल, कायदा आहे." आमच्या आईला कायदे पाठ. माझा बाप वारल्यावर चुलत्यांनी पाण्यातल्या वाफ्यांवर हक्क सांगितला, तेव्हा न्यायाधीशासमोर ती अशी बोलली की चुलते अजून आमच्या घरावरून होडी नेत नाहीत.

मी ऐकलं नाही. मियावा गेली. मी धड रडलोही नव्हतो, तोवर तिचा धनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. माणसाच्या जागी माणूस. पोर मात्र स्वतंत्र, गुलाम बाईचं पोर गुलाम नसतं, तेवढा आमचा कायदा बरा. आईने तिला उचललं, नाव ठेवलं आयो. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सांगितलं होतं."

हे वाक्य ती मला आयुष्यभर ऐकवणार. मनात आलं, आयुष्यभर म्हणजे फार काही नाही आता.

दहा वारा

आज मी गाढ मूर्खपणा केला.

आकशो नावाचा व्यापारी आला होता. अंगावर साधी मळकी चादर, पण हातातला पंखा पाहून कळतं की माणूस किती दूरदूर फिरून आलाय. झेंड्यांच्या महिन्यात त्याला मोठी मेजवानी द्यायची आहे. त्यासाठी तरणा, अंगावर डाग नसलेला, चांगला नाचणारा माणूस हवाय. का हवाय, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

मी आधीच ठरवलं होतं, लंगडायचं. लंगड्याला कोण घेतंय? अंगणात आलो तोच लंगडत. आकशोने तेमोककडे बघितलं. तेमोक म्हणाला, "नाटकं आहेत. नोचेवा, ढोल आण." नोचेवा त्याचा मुलगा. चेंडूच्या खेळात वस्तीत पहिला, पायात वारा भरलेला, पण ढोल वाजवावा तर त्यानेच. म्हणजे कुणी वाजवू नये इतका वाईट. दुसरा ठोका घाईत, चौथा गायब. मी थोडा वेळ लंगडलो. मग असह्य झालं. म्हटलं, "अरे, तो ठोका धर ना जरा, पळतोय कुठे?" जमिनीवर टाच आपटून दाखवला. त्याने तसा वाजवला. मग पुढचं दाखवलं. आणि मग मी नाचतच होतो. मानेत दांडा, तरी नाचत होतो. दांडा फिरताना हवा कापत होता, तोही ठेक्यात.

थांबलो तेव्हा सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. धनीणसुद्धा दारात आलेली. क्षणभर मला फार बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. मग आकशो पंखा मिटून म्हणाला, "लंगडा बरा झाला की."

माझे दात बघितले, पाठ बघितली, नखं बघितली. म्हणाला, "अस्कापोत्साल्कोच्या मोठ्या बाजाराला आण. चारचौघांत घेईन." पोपोका नंतर म्हणाला, "तुझ्याएवढा हुशार माणूस मी पाहिला नाही." मी त्याला झाडू फेकून मारला.

अकरा घर

पोपोकाशी समेट. त्याने एक गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक होती, सगळ्यांनाच असते, पण आपल्यावर वेळ येईपर्यंत कोण लक्ष देतं?

बाजाराच्या दिवशी दांडा घातलेल्या गुलामाला एक संधी असते. धन्याची नजर चुकली की पळायचं, बाजाराची भिंत ओलांडायची आणि बाहेर माणसाच्या गुवावर पाय ठेवायचा. पाय भरला की सुटलास. मग न्यायाधीशांकडे जायचं, ते दांडा काढून आंघोळ घालतात आणि मोकळा करतात.

"आणि मागे कोण धावणार?" मी विचारलं.

"धनी आणि धन्याचा मुलगा. आणखी कुणी हात लावायचा नाही. लावला तर तो गुलाम आणि तू मोकळा. म्हणून तर लोक वाट सोडतात."

तेमोकचं मला भय नाही. त्याचं पोट त्याच्याआधी दारात येतं. पण नोचेवा? हा दांडा घेऊन मी त्याच्यापुढे पळणार?

एक मृत्यू

वर्षातला हा एकच दिवस आमचा. आज दांडे काढतात. गुलामांना न्हाऊ घालतात, गोडधोड देतात. आज गुलामाला शिवी दिली किंवा हात उगारला तर देव उलटतो आणि धन्याचं सगळं गुलामाकडे जातं म्हणे. तेमोक सकाळपासून दातओठ खात गोड बोलत होता. "मात्लालबाळ, पाणी कोमट आहे ना?" मी म्हटलं, "जरा गरम चाललं असतं." त्याने आणखी गरम आणलं. माझ्या केसांतून हात फिरवताना त्याची बोटं शिवशिवत होती, ते मला कळत होतं.

आई आली, आयोला पाठीला बांधून. कडं नसलेल्या मानेवरचे वळ बोटाने चाचपून पाहिले. मग आयोला माझ्या मांडीवर ठेवलं. पोरगी माझ्याकडे बघते आणि ओठ काढते. आईकडे हात करून रडायला लागली. मी म्हटलं, "घे बाई तिला, मला धड ओळखतही नाही ती." आई म्हणाली, "रडू दे. बस तसाच." आणि स्वतः उठून अंगणाच्या पार त्या टोकाला गेली. मला संताप आला. एवढ्याशा पोरीला रडवायचं, तेही आजच्या दिवशी. पण खरंच, बऱ्याच वेळाने ती थकून माझ्या छातीवर झोपली.

आई परत येऊन बसली आणि तिच्याबद्दल सांगत सुटली. पालथी झोपते. पाठीवर थोपटायचं नाही, नुसता हात ठेवायचा. राजगिऱ्याची लापशी आवडते, मिरची अजून नको. दात येतायत तेव्हा रडते, तेव्हा मक्याचं कणीस चोखायला द्यायचं. मी म्हटलं, "हे मला कशाला सांगतेस? मी तिकडे दगडावर पडलेला असताना मला याचा काय उपयोग?"

"ऐकून ठेवायला काय जातं तुझं?"

मग मी तिला बाजारातल्या पळण्याबद्दल सांगितलं. मला वाटलं, रडेल, जवळ घेईल. ती वकिलासारखे प्रश्न विचारायला लागली. भिंतीला फटी कुठे कुठे आहेत? नोचेवा डावखुरा की उजवा? हात लावणाऱ्याचं नेमकं काय होतं, तो कुणाचा गुलाम होतो, गुलामाच्या धन्याचा की राजाचा? "धन्याचाच," मी म्हटलं. "आणि त्याला दोनदा विकलेला धरतात की पहिल्यांदाच गुलाम झालेला?" मी वैतागलो. "अगं, मला काय ठाऊक? मी पळणार आहे, पकडणार नाही."

जाताना तेमोककडे बघून तिने कमरेत वाकून नमस्कार केला. आमच्या आईने, तेमोकला.

दोन हरिण

दांडा परत. तेमोकने कालच्या गोडव्याचं उट्टं काढलं.

चार पाणी

आई आज मागच्या दारी आली, मक्याचे वाफवलेले उंडे घेऊन. मला वाटलं माझ्यासाठी. अर्धे धनिणीला दिले.

धनीण एकदम खूश. दोघी बोलत बसल्या, जणू जन्माच्या मैत्रिणी. मी जवळच पिसं निवडत होतो. आई म्हणते, "पाटा छान आहे हो तुमचा, बारीक दाण्याचा दगड. दळायला कोण आहे?" धनीण म्हणाली, "कुठलं कोण, एक होती ती गेली, माझेच हात मोडतात." आई त्या पाट्यावर वाकली, वरवंटा उचलून तोलून पाहिला, थोडं दळून दाखवलं. "आमच्याकडे असं दळतात."

मी तिच्याकडे बघत होतो. माझ्या गळ्यात मरण अडकलंय आणि ही बाई परक्याच्या पाट्याचं कौतुक करतेय. वय झालं तिचं, की माझ्या काळजीने डोकं फिरलं? जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "उत्तरेची भिंत. मडकीवाल्यांच्या ओळीशेवटी जिथे विटा पडल्यात तिथून. दुसरीकडून जाऊ नकोस."

"का?"

"मी बघून आले. तिकडे हागणदारी आहे. बाकी सगळीकडे होड्यावाले खतासाठी उचलून नेतात."

म्हणजे माझी आई होडीत बसून अस्कापोत्साल्कोला गेली आणि भिंतीभोवती फिरून गू शोधून आली. मला हसू आलं आणि लगेच रडूही. म्हटलं, "आणि आयो?" म्हणाली, "शेजारच्या तेशाकडे ठेवली होती. आता राहते ती तिच्याकडे. सवय केलीये मी." हेही मला आवडलं नाही. घरात आजी असताना पोरीला शेजाऱ्यांकडे टाकायचं?

सहा माकड

काही नाही. नोचेवा अंगणात चेंडू खेळत होता, कमरेने मारून भिंतीवरून परत घेत होता. मी त्याचे पाय बघत बसलो. तेमोक मला भरपूर खायला घालतोय. अंगावर मांस दिसलं पाहिजे ना.

कागदावर आज खराच पक्षी काढला.

अकरा गिधाड

आईच्या घरी बसून लिहितोय. आयो आत झोपली आहे. बाजार परवा होता. काल मला काही लिहवलं नाही. जसं घडलं तसं लिहितो.

आम्ही सकाळी होडीने गेलो. बाजारात दांडेवाल्यांची ओळ होती. ज्यांच्या अंगावर मांस होतं त्यांना ढोलावर नाचवत होते. माझ्या शेजारी एक पोरगं होतं, मिशीही न फुटलेलं, डोंगराकडचं. पाय अडखळत होते त्याचे. मी त्याला म्हटलं, "तुझं बरंय, असाच चुकत राहा." त्याला आमची भाषा कळत नव्हती. तो हसला.

आकशो आला. तेमोक आणि तो भाव करायला लागले. नोचेवा माझ्यामागेच होता, पण एका मडकीवालीशी बोलत होता. आई कुठे दिसली नाही. मला वाटलं, तिला बघवणार नाही म्हणून आली नाही. त्याच क्षणी तेमोकने बोटं मोजायला मान खाली घातली आणि मी पळालो.

लोक असे बाजूला झाले, जणू माझ्या अंगाला आग लागलीये. बायका पोरांना मागे ओढत होत्या, "हात लावू नका, हात लावू नका." टर्कीवाला आपल्या टर्क्यांसकट बाजूला झाला. मी मडक्यांची ओळ धरली. एका मांडवाच्या दोरीत दांडा अडकला. मी उलटा फिरलो, सुटलो, पण तेवढ्यात नोचेवाच्या पावलांचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, नुसता पळत होता. ते जास्त वाईट.

पडक्या विटा दिसल्या. पलीकडचा वासही आला. काही पावलांचंच अंतर होतं. आणि विटांच्या बाजूने आई पुढे आली आणि तिने मला मिठी मारली.

मी ओरडलो, "सोड. आई, सोड मला." तिला ढकललं. लिहायला लाज वाटते, पण दांड्याची काठी तिच्या कपाळावर लागली. तिने सोडलं नाही. एवढीशी म्हातारी, पण दोन्ही हात माझ्या पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. नोचेवा आलाच होता. त्याची बोटं माझ्या दांड्यापर्यंत आलेली मी पाहिली. आईचे हात बघितले आणि त्याने बोटं मागे घेतली. मग एक बाई म्हणाली, "अगं बाई, हिने धरलं की त्याला."

मी पोहोचलो असतो की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

बाजाराच्या न्यायाधीशांसमोर नेलं. मधल्याने आईला विचारलं, "बाई, कायदा ठाऊक नव्हता?"

आई रडत होती. मी तिला बाप गेला तेव्हाही असं रडताना पाहिलं नाही. "मला अडाणी बाईला कायद्यातलं काय कळतंय, साहेब? पोराला बघितलं, पळत येताना दिसला, मिठी मारली. किती दिवसांनी भेटला हो."

"आधी ठरवून केलं असेल तर सांगा. ठरवून केलं असेल तर दोघंही जाल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला ठाऊक होतं, ही धरणार आहे?"

"नाही," मी म्हटलं. खरं होतं ते. माझा चेहराही तसाच असणार, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तेमोक चवताळला. "ही म्हातारी घेऊन मी काय करू? तो नाचत होता. ही काय करणार?"

"दळीन," आई म्हणाली. "दळता येतं मला."

बाजार हसला. न्यायाधीशही हसले. निवाडा झाला. माझा दांडा काढला, अंग धुतलं, कोरी चादर दिली. आईला दांडा घातला नाही, पहिल्यांदाच गुलाम झालेल्याला घालत नाहीत. तेमोक म्हणाला, "चल म्हातारे." ती त्याच्यामागून होडीकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही. मान मोकळी होऊनही मी कितीतरी वेळ तिरकाच चालत होतो.

आकशोने ते डोंगराकडचं पोरगं घेतलं. ढोलवाल्याने ठेका हळू केला तेव्हा त्याला जमलं म्हणे.

बारा हालचाल

घरात सगळं लावून ठेवलंय. मका निवडलेला, मिरच्या वेगळ्या बांधून उंच टांगलेल्या, आयोच्या हाताला लागणार नाहीत अशा. राजगिरा भाजून मडक्यात. माझी जुनी चादर धुऊन, फाटली होती तिथे शिवून. मी आधी कौतुक करत फिरलो. मग खाली बसलो. बसल्यावर कळलं.

पाटा. धनिणीचा पाटा कशाला तोलून पाहिला ते कळलं. नोचेवाचा डावा-उजवा हात कशाला विचारला ते कळलं, त्याचा हात पोहोचायच्या आत कुठल्या बाजूने मध्ये शिरायचं ते तिला ठरवायचं होतं. म्हातारीला कुणी देवळाच्या पायऱ्या चढवत नाही, त्यासाठी तरणं आणि डाग नसलेलं अंग लागतं. तिच्या वाट्याला दळण येईल आणि शिव्या येतील. माझ्या वाट्याला दगड आला असता.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. मला सांगितलं का नाही? मी काय लहान आहे? आधी सांगितलं असतं तर निदान मी तिला ढकललं नसतं. कपाळाला लागलं नसतं तिच्या.

आयो माझ्याकडून खात नाही. तेशा आली की खाते. दुपारी दाराशी जाऊन बसली आणि कालव्याकडे बघत राहिली. मी पाठीवर थोपटलं तर हात झटकला. मग आठवलं, नुसता ठेवायचा. ठेवला. तसाच ठेवून बसलो.

तेरा गारगोटी

वस्तीत सगळे येऊन जातात. "नशीब काढलंस, मात्लाल. म्हातारीला कळलं नाही म्हणून तू वाचलास." काय बोलणार? मी म्हणतो, हो. पलीकडचा कोळी तर हसून हसून लोळला, "गळ टाकायच्या आधीच मासा होडीत." मी त्याच्याबरोबर हसलो. खरं बोललो तर तिचं दळण फुकट जाईल आणि मीही परत आत जाईन. मग आयोचं कोण? आता जन्मभर हेच. हिला शहाणपण येईल, ही विचारेल, "आजी तिकडे का?" तेव्हा हिलाही तेच सांगायचं. मान मोकळी आहे, पण तोंडाला दांडा बसलाय.

आज तेमोककडे गेलो. त्याने निरोप पाठवला होता, नमुने काढणारा दुसरा मिळत नाही, मजुरी देऊन काढशील का? आयोला कडेवर घेतलं. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हटलं निदान बघू दे.

आई मागच्या अंगणात पाट्यावर होती. कपाळावर खपली. नोचेवा भिंतीला टेकून कणीस खात होता. आयोने आजीला बघितलं आणि अंग टाकलं तिच्याकडे. आईचा वरवंटा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"खाल्लं का हिने?" आई दळता दळता म्हणाली.

"नाही."

"मिरची दिली असशील."

"नाही दिली. आई, तू..."

"काम आहे मला. पोरगी ने इथून, पिठात हात घालील." तेवढं बोलून तिने पिठाचा एक गोळा केला, हाताने चपटा करून बाजूच्या तव्यावर टाकला, भाजला, फुंकला आणि नोचेवा दुसरीकडे बघत असताना आयोच्या हातात दिला. आयोने खाल्ला. सगळा खाल्ला.

धनीण बाहेर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ये ये. तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे रे. पीठ असं येतं की बोटाला लागत नाही." मग आवाज न उतरवता, आईच्या समोरच, "पण डोक्याने अगदीच कच्ची हं. भर बाजारात पोराला मिठी मारायला गेली आणि जन्माची अडकली. असं कुणी करतं का?"

नोचेवाचं कणीस तोंडाजवळ थांबलं होतं. तो माझ्याकडेच बघत होता. त्या दिवशी माझ्या सगळ्यात जवळ तोच होता.

"भोळी आहे हो ती," मी म्हटलं. "पहिल्यापासूनच."

आईने मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं काही नव्हतं, उलट खूश दिसली, लहानपणी मी धडा न चुकता म्हटला की दिसायची तशी. धनिणीला म्हणाली, "बघा, पोटचा पोरगाही हेच म्हणतो."

धनीण हसली. नोचेवा हसला आणि पुन्हा कणीस खायला लागला. आई हसली, मीही हसलो. सगळे हसताहेत म्हणून आयोही हसली, तोंडात घास होता तरी, आणि माझ्या कडेवर बसून टाळ्या वाजवायला लागली.